छोट्या विमानतळावरील मार्गाचा प्रवासी भरणा कसा मोजावा

सर्वप्रथम वेळापत्रकातील नव्हे, तर प्रत्यक्ष झालेली उड्डाणे मोजावीत. ७० आसनी एटीआर ७२ विमानाच्या महिन्यातील ३० उड्डाणांपैकी ४ धुक्यामुळे रद्द झाली, तर उपलब्ध आसने २,१०० नसून १,८२० ठरतात. १,४७० प्रवासी गेले असल्यास भरणा, म्हणजे उपलब्ध आसनांपैकी भरलेल्या आसनांचे प्रमाण, ७० नव्हे, सुमारे ८१ टक्के होतो, आणि मार्ग टिकवण्याचा निर्णय एवढ्या फरकावरही फिरू शकतो. दोन्ही दिशांचा हिशेब वेगळा ठेवावा.

विमान पुढे दुसऱ्या गावी जात असेल, तर न उतरता बसून राहिलेले प्रवासी विमानतळाच्या चढ-उताराच्या आकड्यांत दिसत नाहीत, मात्र आसने अडवतात. माझ्या मते सर्वाधिक चुका इथेच होतात. आखूड धावपट्टीवर कडक उन्हात वजनमर्यादेमुळे काही आसने रिकामीच ठेवावी लागतात, त्यांची नोंद स्वतंत्र करावी.