थेंब बेलहाउसिंगवर, गळती भलतीकडेच: एमजीबीवाल्यांनो, या चुका टाळा

एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. तिच्याखाली पुठ्ठा सरकवायचा, बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या, क्लच झाकणाऱ्या घंटेसारख्या खोळीच्या) तळाच्या भोकात अडकवलेल्या स्प्लिट पिनवर थेंब लोंबताना बघायचा आणि जाहीर करायचं, ‘गिअरबॉक्स गेला!’ हे निदान नव्हे. ती पिन खालच्या टोकाला आहे, त्यामुळे वरून कुठूनही आलेलं तेल तिथेच येऊन लटकतं. शिवाय एमजीबीत गिअरबॉक्स एकटा खाली उतरवता येत नाही, इंजिनासकट वर उचलून काढावा लागतो. घाईने काढलेला निष्कर्ष इथे फार महागात पडतो.

पुढचा प्रकार इतका ठरलेला आहे की सांगायचाही कंटाळा येतो. इंजिन बाहेर निघतं. क्रँकचा (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचा) मागचा सील बदलतात, हात लागलाच आहे म्हणून गिअरबॉक्सच्या पुढच्या कव्हरचा सील बदलतात, क्लच प्लेटही नवी बसते. गाडी जोडून होते आणि पंधरवड्यात तोच थेंब त्याच पिनवर. मग कोणीतरी कार्ब्युरेटरांच्या खालून ब्लॉकवर बोट फिरवतो, तर मागच्या टॅपेट कव्हरची (ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या झाकणाची) कडा ओलीचिंब. तेल तिथून ब्लॉकवरून उतरतं, इंजिनामागच्या बॅक प्लेटच्या कडेने खाली येतं आणि पिन गाठतं. काम होतं एका कॉर्क गॅस्केटचं. तेही बहुधा आधीच्याने बोल्ट जोर लावून आवळल्यामुळे बिघडलेलं असतं. त्या कव्हरचा पत्रा पातळ असतो, जादा आवळला की वाकतो आणि जास्तच गळतो.

म्हणून आधी धुवा. रॉकेल आणि ब्रश घेऊन, रॉकर कव्हरपासून गिअरबॉक्सच्या शेपटीपर्यंत. आपल्याकडची तांबडी धूळ तेलात मिसळून असा थर धरते की त्याखाली नवं काय, जुनं काय कळत नाही. पूर्ण सुकवा, टाल्कम पावडर भुरभुरवा आणि १५-२० किलोमीटर फिरून या. पणजीहून रायबंदरमार्गे जुनं गोवें आणि परतताना कदंब पठाराचा चढ, एवढ्यात तेल चांगलं तापतं. मग बघायचं ते वरून खाली आणि पुढून मागे, कारण वारा तेल मागे ढकलतो. सर्वांत वरचा, सर्वांत पुढचा ओला डाग हाच संशयित. उजवीकडे ब्लॉकच्या मागच्या टोकाला ऑइल प्रेशरच्या पाइपचा जोड आहे, तो बघायला कोणी वाकतच नाही.

बाहेरून सगळं कोरडं आणि तरी पिनवर थेंब? मग तेल क्रँकच्या सीलचं की गिअरबॉक्सच्या पुढच्या कव्हरचं, एवढाच प्रश्न उरतो. दोन्हीकडे २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइलच असतं, तेव्हा वास घेऊन उपयोग नाही. काळं असेल तर बहुधा इंजिनाचं. खात्री हवी तर यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) फक्त गिअरबॉक्समध्ये घाला आणि रात्री यूव्ही टॉर्च मारा. चमकलं तर गिअरबॉक्स.

क्लच दाबणारा स्लेव्ह सिलिंडरही बेलहाउसिंगवरच बसतो, तोही गळत असेल. थेंब पाण्यात टाका. त्यातलं डॉट ३ किंवा ४ ब्रेक फ्लुइड विरघळतं, तेल तरंगतं.

‘गिअरबॉक्स आहे ना, मग गिअर ऑइल’ म्हणून जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल ओतू नका. त्यातले जादा दाबासाठी घातलेले घटक पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) सोसत नाहीत आणि ओव्हरड्राइव्ह (गिअरबॉक्समागचा जादा वेगाचा गिअर) घसरायला लागतो. चारही गिअरना सिंक्रो असलेल्या बॉक्सला साधारण ३ लिटर लागतं, ओव्हरड्राइव्हसह ३.४. जास्त भरलं की मागच्या सीलमधून बाहेर येणारच.

ब्रीदर (आतला दाब बाहेर सोडणारी वाट) तुंबलेला असताना सील बदलणं म्हणजे उघड्या नळाखाली पुसत बसणं.

सिलिकॉन बोटभर थापू नका. आत दाबलेला भाग तुटून ओव्हरड्राइव्हच्या फिल्टरपर्यंत जातो. गळती बंद करणारी बाटली तर दुकानातच राहू द्या.

गिअरबॉक्सचा मागचा सील बदलताना तो ज्यावर टेकतो त्या फ्लँजवर नखाला खाच लागते का बघा. लागत असेल तर तिथे नवा सीलही टिकायचा नाही, आधी त्यावर पातळ धातूची स्लीव्ह चढवा. सीलच्या ओठाला तेल लावूनच बसवा. स्पीडोमीटरच्या पिनियनचा सील गेला तर तेल केबलमधून चढत डॅशबोर्डच्या मागे पोचतं, तेव्हा तोही आताच बघून घ्या.

जून ते सप्टेंबर झाकून ठेवलेली गाडी बाहेर काढली की पहिले काही दिवस सील टिपटिपतातच. चार-सहा फेऱ्या होऊ द्या, मगच पाने-पक्कड काढा.

आणि गाडीखाली चिरे रचून आत शिरणाऱ्यांना काय म्हणावं! चिरा न सांगता फुटतो. अॅक्सल स्टँड वापरा, अंगणातली माती भुसभुशीत असेल तर त्यांच्याखाली जाड फळ्या घाला.