संकटात प्रार्थना जमत नाही? अडते कुठे, आणि कोणत्या चुका टाळायच्या

कारखान्याकडून उसाचे बिल आलेले नाही, फायनान्सवाला दर आठवड्याला दारात, सासूबाईंची शुगर वाढलेली, मुलीच्या पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) फीची तारीख तोंडावर. सगळे असे एकदम अंगावर आले की बेळगाव जिल्ह्यात निपाणी-चिकोडीपासून खानापूर-लोंढ्यापर्यंतच्या ख्रिस्ती घरांत एकच सल्ला मिळतो: "प्रार्थना कर." सल्ला बरोबरच आहे. पण ती करायची कशी हे कोणी सांगत नाही, आणि दमलेला माणूस प्रार्थनेत ज्या चुका करतो त्यांनी तो आणखीच दमतो. हातात जपमाळ असो नाहीतर मेथडिस्ट मंडळीत टेकलेले गुडघे असोत, या चुका सगळीकडे सारख्याच.

इस्त्री केलेली प्रार्थना

सर्वांत मोठी चूक हीच, आणि बाकीच्या निम्म्या हिच्यातूनच निघतात. गळ्याशी हुंदका आलेला असतो आणि तोंडाने सुरू होते, "हे स्वर्गीय पित्या, आजच्या या सुंदर दिवसाबद्दल तुझे आभार मानतो..." रविवारच्या उपासनेत हीच भाषा ऐकलेली असते म्हणून ती आपोआप येते. दोन मिनिटांत शब्द संपतात, मन परत हप्त्यावर जाते, आणि आपला विश्वासच कमी पडला असे वाटायला लागते.

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत. त्यांतली सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत, म्हणजे सरळ गाऱ्हाणी. स्तोत्र १३ अवघ्या सहा वचनांचे. पहिल्या दोन वचनांतच "कोठवर?" हा सवाल चार वेळा येतो: तू मला कोठवर विसरणार, तोंड कोठवर लपवणार? तिसऱ्या-चौथ्या वचनात मागणी आहे, आणि भरवशाची भाषा त्यानंतर, शेवटच्या दोन वचनांत. स्तोत्र ८८ मध्ये तर तेवढेही नाही. ते अंधारातच संपते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

म्हणून स्तोत्र १३ चा साचा वापरा. शाळेच्या वहीचे एक पान आणि दहा मिनिटे पुरेत.

पहिली ओळ हाकेची: ज्या नावाने तुम्ही देवाला खरोखर हाक मारता ते नाव. दुसरा भाग गाऱ्हाण्याचा. इथे मोघम लिहू नका. "पैशाची अडचण आहे" असे न लिहिता "सोमवारी २,३०० चा हप्ता आहे, घरात ७०० आहेत, आणि मला त्या माणसाच्या तोंडासमोर उभे राहायची लाज वाटते" असे लिहा. रक्कम, वार, नाव सगळे येऊ द्या. मोघम गाऱ्हाणे मनात फिरतच राहते, नेमके लिहिलेले गाऱ्हाणे कागदावर थांबते. तिसरी ओळ मागणीची, आणि ती एकच, आजच्या दिवसापुरती. चौथी भरवशाची. ती आज खरी वाटत नसेल तर जागा कोरी सोडा. खोटे लिहून भरू नका. मग सगळे हळू आवाजात वाचून काढा.

मूल नसलेल्या हन्नाने शिलो येथे असेच केले होते. तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता, आणि एली याजकाला वाटले ही बाई प्यालेली आहे. तिने सांगितले, मी माझे मन परमेश्वरापुढे मोकळे करत आहे (१ शमुवेल १:१५). बघणाऱ्याला बरी दिसावी म्हणून केलेली प्रार्थना ती नव्हती.

उसनी भाषा

आपल्या भागाची ही खास अडचण. बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत १९५३ मध्ये उभा राहिला. त्याच्या चर्चमध्ये कन्नड, कोकणी, मराठी, इंग्रजी असे सगळे कानावर येते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही एकाच बाकावर दोन भाषांची गीतपुस्तके दिसतात. उपासनेपुरते ते छानच. पण शाळेत इंग्रजीत पाठ केलेली किंवा उपासनेत कन्नडमध्ये ऐकलेली प्रार्थना एकट्याने, रात्री अकरा वाजता, रडू आवरत म्हणायला गेलो की ती जिभेवरच राहते. खाली उतरत नाही.

शुभवर्तमाने ग्रीकमध्ये लिहिली गेली, तरी अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने उच्चारलेला "अब्बा" (बाबा) हा घरगुती अरामी शब्द मार्काने तसाच ठेवला (मार्क १४:३६). वधस्तंभावरची आरोळीही त्याने अरामीतच नोंदवून ठेवली आहे. तेव्हा गाऱ्हाणे स्वयंपाकघरातल्या भाषेत करा. "बाबा, माझ्यानं होईना झालंय की आता" ही पूर्ण प्रार्थना आहे.

जेवण आणि झोप सोडून प्रार्थना

घाबरलेला माणूस आधी जेवण सोडतो, मग त्याला उपवास म्हणतो.

१ राजे १९ नीट वाचा. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून "आता पुरे, माझा प्राण घे" म्हणतो आणि झोपी जातो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. तो स्पर्श करून म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे. एलीया खातो, पितो, पुन्हा झोपतो. दुसऱ्यांदा तेच. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला पोहोचतो, आणि देवाशी त्याचे खरे बोलणे तिथे होते. आधी झोप, अन्न आणि पाणी, बोलणे नंतर. हा क्रम उलटा केला की प्रार्थना चिडचिडीत संपते.

शुगरची गोळी किंवा इन्शुलिन घेऊन जेवण टाळले की रक्तातली साखर घसरते: घाम, हातांची थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. काही जण त्यालाच आत्म्याचा स्पर्श समजतात. असे झाले तर ताबडतोब साखरपाणी प्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नका. कॅथलिक मंडळीच्या नियमातही बंधनकारक उपवास वर्षातून दोनच दिवस आहे, राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला. तोही १८ वर्षांपुढच्यांना, साठावे वर्ष लागेपर्यंत, आणि आजाऱ्यांना सूट असते. तसेच रात्रभराच्या जागरण-प्रार्थनेचे. दुसऱ्या दिवशी उद्यमबागच्या फाउंड्रीत पहिली पाळी असेल तर रात्री दहाला प्रार्थना संपवून झोपा.

दिनदर्शिकेवरचे वचन अर्धेच वाचणे

"देव आपल्याला झेपेल तेवढेच देतो." हे वाक्य मयताच्या घरी हमखास ऐकू येते. ते बहुधा १ करिंथ १०:१३ वरून आलेले असते, पण तिथे विषय पापाच्या मोहाचा आहे. आजारपण, कर्ज, मृत्यू यांचा नाही. आशियात आलेल्या संकटाविषयी तोच लेखक, प्रेषित पौल, २ करिंथ १:८ मध्ये लिहितो की आम्ही शक्तीपलीकडे दडपले गेलो, जगण्याचीही आशा सोडली. म्हणजे झेपत नाही असे वाटणे हा विश्वासाचा अभाव नव्हे.

यिर्मया २९:११ चेही तसेच. "तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत" हे घराघरांत फ्रेममध्ये असते. त्याच्या आधीचे दहावे वचन फ्रेममध्ये नसते. त्यात बाबेलची सत्तर वर्षे आहेत. हे पत्र बंदिवासात गेलेल्यांना लिहिलेले आहे, आणि पाचव्या वचनापासून त्यांना सांगितले आहे की घरे बांधा, बागा लावा, त्यांचे फळ खा. लांबणाऱ्या संकटात फ्रेमपेक्षा हे जास्त उपयोगी.

आणि १ थेस्सलनी ५:१८ मध्ये "सर्व स्थितीत" उपकार माना असे आहे. मुलाच्या अपघाताबद्दल आभार मानायला कोणी सांगितलेले नाही.

भारा एकट्याने उतरवणे

गवताचा भारा डोक्यावर घेऊन रानातून येणारी बाई तो वाहून आणते एकटी, पण उतरवायला दुसरा हात मागते. एकटीने झटका देऊन टाकला तर मान धरते.

गलती ६ मध्ये दोन वचने एकमेकांच्या विरोधात वाटतात: दुसऱ्या वचनात "एकमेकांची ओझी वाहा", पाचव्यात "प्रत्येकाने आपलाच भार वाहावा". मूळ ग्रीकमध्ये शब्द वेगळे आहेत. पहिला चिरडून टाकणाऱ्या वजनासाठी, दुसरा माणसाच्या स्वतःच्या गाठोड्यासाठी. रोजचा डबा, रोजची पाळी हे गाठोडे. बुडालेले कर्ज, कॅन्सरचे निदान, नवऱ्याची दारू हे वजन, आणि ते मागूनच उतरवायचे. गेथशेमानेत येशूनेही पेत्र, याकोब, योहान या तिघांना बरोबर घेतले आणि माझा जीव मरणाइतका खिन्न झाला आहे हे त्यांना सांगितले. ते झोपले, हा भाग वेगळा.

इथे चूक दोन्ही टोकांना होते. कोणी काहीच बोलत नाही. कोणी सगळे मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो, आणि "प्रार्थनेची विनंती" संध्याकाळपर्यंत गावातली बातमी होते. दोन माणसे निवडा, शक्यतो भाऊबंदकीबाहेरची. आधीच सांगा, "हे तुमच्यापाशीच राहू द्या." आणि नुसती प्रार्थना मागू नका, काम मागा: "बुधवारी अकराला माझ्याबरोबर बँकेत याल का?" कॅथलिक असाल तर पापकबुलीत सांगितलेले फादर कोणालाही सांगू शकत नाहीत. तो नियम पूर्ण बंधनकारक आहे.

देवाशी सौदा

कर्ज काढून नवसाचे अर्पण देऊ नका. "बी पेरा, शंभरपट मिळेल" म्हणून पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा. नवव्या दिवशी काम झाले नाही म्हणून नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) फुकट गेली असेही नाही. गेथशेमानेत येशूने दुःखाचा प्याला टळावा हे मागणे तीनदा केले, प्याला टळला नाही. पौलानेही आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढे उत्तर मिळाले.

गोळ्या बंद करणे, दार ठोठावायचे टाळणे

मानसिक आजाराची औषधे "आता प्रार्थनेवर सोडतो" म्हणून बंद करू नका. उदासीनतेच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि त्या एकदम सोडल्या तर चक्कर, अस्वस्थता, झोपमोड होऊन आजार परत उलटू शकतो. याकोबाच्या पत्रात (५:१४) मंडळीच्या वडीलजनांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगितले आहे, वैद्याला नको म्हटलेले नाही. पौलाचा सोबती लूक वैद्यच होता (कलस्सै ४:१४).

दोन आठवडे झोप-भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल तर डॉक्टरांकडे जा. मरणाचे विचार येत असतील तर आजच १४४१६ ला फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा, चोवीस तास, मोफत, मराठीत आणि कन्नडमध्येही. मोठ्या उपचारासाठी धारवाडची डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था बेळगावहून बसने जाण्यासारखी आहे. वसुलीवाले शिवीगाळ करत असतील, घराला कुलूप घालण्याची धमकी देत असतील, तर त्यासाठी नुसते गुडघे टेकून भागणार नाही. अशा जबरदस्तीविरुद्ध कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये अध्यादेश काढला. पोलिसांत तक्रार करता येते.

बारीकसारीक अडचणी

प्रार्थनेला बसले की झोप येते: झोपा. रोजच येत असेल तर वेळ बदला, किंवा उभ्याने, चालत करा.

मन भटकते: ज्या गोष्टीकडे जाते तीच वहीत लिहा. बहुधा खरे गाऱ्हाणे तेच असते.

देवाचा राग येतो: त्यालाच सांगा. ईयोबाने वीसेक अध्याय तेच केले.

शब्दच सुचत नाहीत: रोम ८:२६ प्रमाणे अशा वेळी आत्माच अनिर्वाच्य कण्हण्याने मध्यस्थी करतो. तोवर एवढे करा. चार मोजेपर्यंत श्वास आत घेताना मनात "प्रभू येशू", सहा मोजेपर्यंत सोडताना "माझ्यावर दया कर". दहा वेळा. श्वास सोडणे लांबले की धडधड उतरते. हे शब्द यरीहोच्या रस्त्यावरच्या आंधळ्या बार्तीमयाच्या हाकेतले. लोक त्याला गप्प बस म्हणून दटावत होते, आणि तो आणखीच मोठ्याने ओरडत होता.