मॅग्नेशियमचं डाय कास्टिंग: तापमान आणि ओलावा सांभाळा

संभाजीनगरजवळच्या वाळूज-चिकलठाणा औद्योगिक भागात ॲल्युमिनियमच्या डाय कास्टिंगवर (वितळलेला धातू दाबाने साच्यात भरण्याच्या कामावर) हात बसलेल्यांनी एझेड९१डी हा मॅग्नेशियमचा मिश्रधातू ओतताना जुन्या सवयी जशाच्या तशा वापरू नयेत. मॅग्नेशियममध्ये उष्णता कमी साठते, त्यामुळे ते झटपट गोठतं. कोल्ड चेंबर मशीनवर (ज्यात वेगळ्या भट्टीतून धातू आणून ओततात) रस, म्हणजे वितळलेला धातू, ६४० ते ६८० अंश सेल्सियस ठेवा. तापमान याखाली गेलं की रस पूर्ण भरण्याआधीच गोठतो आणि पातळ भिंतीवर कोल्ड शट (धातूचे प्रवाह नीट न जुळल्याच्या रेषा) दिसतात. शिवाय ॲल्युमिनियम-मँगनीजचा गाळ तळाशी बसतो, तो ढवळला गेला की कास्टिंगमध्ये कठीण कण येतात. फार वर गेलं तर रस जास्त जळतो, आकसण्याची छिद्रं वाढतात.

डाय, म्हणजे साचा, २०० ते २५० अंशांवर आल्याशिवाय चांगला माल धरू नका. सुरुवातीचे शॉट (एकेका भरणीतून निघालेला माल) भंगारातच टाका.

छिद्रं दिसताच प्रेशर वाढवण्याआधी व्हेंट (डायमधली हवा निघण्याच्या वाटा) साफ करा, डायवर मारायचा स्प्रे कमी करा. बरीच छिद्रं अडकलेल्या हवेची असतात.

पावसाळ्यात विशेष जपा: इनगॉट (धातूच्या विटा) १५० अंशांवर तापवून कोरडे करूनच भट्टीत सोडा. ओल्या इनगॉटने रस उसळतो. आग लागली तर पाणी अजिबात नको. धातूच्या आगीची डी वर्गाची पावडर हाताशी ठेवा.