पत्र्याखालच्या पोथ्या उन्हापासून वाचवायच्या तर स्पेस ब्लँकेट असं लावा
मे महिन्यात आपल्या धुळे-जळगावकडे पारा 45 ला टेकतो, अन् पत्र्याच्या खोलीत पोथ्या, मोडीची दप्तरं असतील तर कागद पापडासारखा तुटायला लागतो भो. स्वस्त उपाय म्हणजे ते चंदेरी स्पेस ब्लँकेट, ट्रेकिंगच्या सामानात मिळतं. 1964 मध्ये नासासाठी बनलेली ही पातळ प्लास्टिक फिल्म, तिच्यावर ॲल्युमिनियमचा थर, तो पत्र्याची धग बरीचशी परत फेकतो. पण पोथीला डायरेक्ट गुंडाळू नका, दमट हवा आत कोंडली की बुरशी आलीच! कपाटाच्या वर दोरीने ताणून बांधा, चमकी बाजू पत्र्याकडे, मधे चार बोटं तरी जागा सोडा, चिकटली तर उपयोग शून्य, आणि वायरिंगपासून लांब ठेवा कारण ॲल्युमिनियममधून करंट जातो. पोथी सुती कापडातच राहू द्या, जुन्या लोकांचं ते बरोबरच होतं. पावसाळ्यात शेजारी हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र) ठेवा, आर्द्रता 60 टक्क्यांवर गेली की सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या) पुड्या ठेवा.

नासावाल्यांनी ॲटॉमिक ऑक्सिजनने (सुट्या अणूंच्या ऑक्सिजनने) अमेरिकन चित्रकार वॉरहॉलच्या पेंटिंगवरचा लिपस्टिकचा डागही काढलाय, पण ते लॅबचं काम, घरी डाग खरवडू नका. त्यापेक्षा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात विचारा, जुन्या कागदांचा मोठा साठा आहे त्यांच्याकडे.