पोरं कुंपणातून आत येतात आणि घरात जनावर आहे? या चुका टाळा

"आमच्या जागेत घुसला ना, मग चूक त्याचीच" हे जनावरं पाळणाऱ्यांचं ठरलेलं वाक्य. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते थोडंफार चालतंही, पण आत आलेलं पोरगं 6 वर्षांचं असेल तर पहिला प्रश्न तुम्हालाच येतो, पोरं इथे येतात हे माहीत होतं का आणि माहीत असून काय केलंत.

1873 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात अशी केस गेली होती, रेल्वेचं इंजिन वळवायचं टर्नटेबल, त्याला कुलूप नाही, मुलं खेळायला जायची आणि एका 6 वर्षांच्या मुलाचा पाय त्यात चेंगरला. मुलांना तिथे जायची परवानगी नसतानाही कंपनी हरली. आता साध्या गाई-घोड्याला तिथली बरीच कोर्टं "मुलांना ओढून घेणारी धोक्याची वस्तू उघडी ठेवली तर जबाबदारी मालकाची" या नियमात धरत नाहीत हे खरंय, पण म्हणून निवांत होऊ नका, कारण तिथे दुसरा प्रश्न उभा राहतो, जनावर अंगावर जातं हे मालकाला माहीत होतं का?

आणि इथेच सगळे फसतात ते पाटीवर. "कुत्र्यापासून सावधान" लावलं की काम झालं असं वाटतं, पण 4 वर्षांच्या पोराला वाचता येत नाही, वर समोरचा वकील म्हणणार, कुत्रा चावरा आहे हे माहीत होतं म्हणूनच पाटी लावली ना? पाटी काढू नका, फक्त तिच्या भरवशावर राहू नका, गेटला आपोआप बंद होणारी कडी लावा आणि ती पोराच्या हाताला येणार नाही इतकी वर.

कुंपणाला भगदाड आहे, बॉल आणायला पोरं रोज तिथूनच येतात, तुम्ही दोनदा ओरडलात आणि विसरलात, हे ओरडणं म्हणजे माहीत असल्याचा पुरावाच झाला की! आधी भगदाड बुजवा, मग पोरांच्या आईबापांना मेसेज टाका, लेखी राहतं.

"आमची गाय गरीब आहे हो." असेल, पण नुकती व्यालेली असली की वासराजवळ कुणालाही येऊ देत नाही, आणि घोडा मागून गेलेल्याला लाथ घालतो त्यात स्वभावाचा काही संबंध नसतो. साखळीची लांबीही मोजा, गेटपर्यंत पोचत असेल तर कुत्रा बांधला काय नि सोडला काय.

भारतात तर नुकसानभरपाई सोडाच, भारतीय न्याय संहितेचं कलम 291 आहे, जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी घेतली नाही तर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही.

कुत्रा चावलाच तर आधी वाद नको, जखम साबण-पाण्याने 15 मिनिटं धुवा, पोराला डॉक्टरकडे न्या, रेबीजची लस तेच ठरवतील. आणि घाबरून कुत्रा लांब सोडून येऊ नका, 10 दिवस त्याच्यावर लक्ष ठेवायचं असतं.