बिनविम्याची उभी गाडी कोणी ठोकली? भरपाई मागताना या चुका टाळा

नाशिकच्या कॉलेज रोडला कडेला लावलेली गाडी. परत येऊन पाहावं तर मागचा बंपर लोंबतोय, टेललॅम्पचा चुरा झालाय. ठोकणारा आधी नरमाईने बोलतो, पण तुमच्या पॉलिसीची मुदत संपल्याचं कळताच त्याचा आवाज चढतो: "तुमचाच विमा नाही. पोलिसांत गेलात तर तुम्हीच अडकाल." मग गाडीमालक दोन-तीन हजार घेऊन गप्प बसतो.

सगळ्यात महाग चूक हीच. थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणारा) मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 नुसार सक्तीचा आहे. तो नसताना गाडी चालवली तर कलम 196 खाली पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. उभी गाडीही कायद्याच्या लेखी 'वापरात' धरली जाऊ शकते, तेव्हा "चालवत कुठे होतो?" या सबबीवर फार विसंबू नका. पण हा हिशेब तुमचा आणि सरकारचा. निष्काळजीपणे ठोकणाऱ्याची जबाबदारी त्याने माफ होत नाही. त्याच्या थर्ड पार्टी विम्यातली ती 'थर्ड पार्टी' म्हणजे तुम्हीच.

विमा नसल्याचा खरा फटका वेगळाच आहे. सर्व्हेअर (नुकसानीची पाहणी करून अहवाल देणारा) पाठवायला, कागद जमवायला तुमच्या बाजूने कंपनी नसते. ते सगळं तुमच्याच अंगावर येतं, आणि इथेच ढिलाई होते.

गाडी हलवण्याआधी दोन्ही नंबरप्लेट एकाच फोटोत घ्या. गाडी कुठे आणि कशी लावली होती हे दिसेल असे लांबूनही फोटो काढा, कारण समोरचा वकील पहिला मुद्दा 'चुकीचं पार्किंग' हाच काढणार. गाडी खरोखर वाकडी किंवा नो पार्किंगमध्ये असेल, तर भरपाईला कात्री लागू शकते. शेजारच्या दुकानाचं सीसीटीव्ही फुटेज त्याच दिवशी मागा. बऱ्याच ठिकाणी जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. नुसतं व्हॉट्सॲपवर आलेलं फुटेज कोर्टात अपुरं पडतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र सोबत लागतं.

पोलिस ठाण्यात "किरकोळ आहे, आपसात मिटवा" हे ऐकायची तयारी ठेवा. म्हणून तोंडी सांगून परतू नका. लेखी तक्रार द्या, प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, पंचनाम्याचा आग्रह धरा. जागेवरूनच 112 ला फोन केला असेल, तर घटनेच्या वेळेची नोंद राहते. गंगापूर आणि सरकारवाडा ठाण्यांच्या हद्दी लागून आहेत. हद्दीवरून खेटे नकोत म्हणून नेमकी जागा आधीच विचारून घ्या.

ठोकणारा पळाला, तर 'हिट अँड रन'च्या सरकारी भरपाईवर आशा लावू नका. ती फक्त मृत्यू (2 लाख) आणि गंभीर दुखापत (50 हजार) यांसाठी आहे, पत्र्यासाठी नाही. नंबर मिळाला असेल तर एमपरिवहन ॲपवर विम्याची माहिती दिसते. भरपाई मागणाऱ्याला मालक, चालक आणि विमा कंपनीचा तपशील पोलिसांनी किंवा आरटीओने द्यायचा, असं कलम 160 सांगतं. आपलं आरटीओ पेठ रोडला.

घाईघाईने डेंट-पेंट करून कच्ची पावती घेणं ही आणखी एक चूक. आधी लेखी एस्टिमेट घ्या. नुकसान मोठं असेल तर परवानाधारक सर्व्हेअरकडून स्वखर्चाने का होईना अहवाल घ्या. बदललेले पार्ट जपा, पक्कं बिल घ्या. आज पॉलिसी काढून तिच्यावर कालचं नुकसान दाखवणं ही सरळ फसवणूक आहे. मात्र यापुढे गाडी रस्त्यावर आणायची तर थर्ड पार्टी पॉलिसी हवीच. तोवर गॅरेजला टोइंगनेच न्या.

समोरच्याच्या विमा कंपनीला पत्र धाडून वाट पाहत बसू नका. असे दावे बहुतेक मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातूनच मार्गी लागतात. आपल्याकडे ते सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात. गाडी दुसऱ्या शहरात ठोकली गेली असली, तरी तुम्ही राहता तिथे अर्ज चालतो. कायद्यातली मुदत अपघातापासून सहा महिने. अर्जात मालक, चालक आणि कंपनी तिघांनाही घ्या. खासगी कारच्या नेहमीच्या पॉलिसीत मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं, पण हप्ता वाचवायला मालकाने ते 6,000 वर आणलेलं असू शकतं. वरचे पैसे मग त्याच्याकडूनच घ्यावे लागतात.

आठ-दहा हजारांच्या नुकसानीसाठी मात्र मी कोर्टाच्या पायऱ्या चढायला सांगणार नाही. तिथे तडजोडच बरी, फक्त कागदावर. प्रकरण कोर्टात गेलंच असेल तर लोकअदालतीत ठेवायला सांगा. गॅरेजवाल्याने बंपर उघडण्याआधी आकडा ठरवू नका, आतला रेडिएटर सपोर्ट किंवा डिकीचा तळ वाकलेला बाहेरून कळत नाही. आणि पैसे खात्यात जमा होण्याआधी 'काही तक्रार नाही' या ओळीखाली सही करू नका.