कच्च्या केळीचं मटोके आणि दाण्याचा रस्सा: परदेशी जेवण, खान्देशी सामान

घरी 'काहीतरी वेगळं' करायचं ठरलं की बहुतेक घरांत उलटा उद्योग सुरू होतो. आधी मोबाइलवर पदार्थ ठरतो, मग सामानाची यादी निघते, मग कुठलं तरी सॉस शोधत अख्खं जळगाव पालथं घातलं जातं आणि दोन चमचे वापरलेली ती बाटली फ्रीजच्या दारात पडून राहते. रीत याच्या उलट हवी. घरात काय भरपूर आहे ते आधी पाहा, आणि तेच रोज खाणारं जगात कोण आहे ते शोधा. भरताची वांगी आली असतील तर लेबनॉन. शेंगदाणे असतील तर सेनेगलचा माफे, म्हणजे दाण्याचा रस्सा. ज्वारी असेल तर सुदान. तिथे आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची पातळ किस्रा तव्यावर काढतात, आपल्या घावनाच्या जवळची. आणि रावेर-यावलच्या पट्ट्यात कोणी ओळखीचं असेल तर केळीला तोटा नाही, म्हणून आज युगांडा.

युगांडात मटोके म्हणजे रोजचं पोटभर जेवण. हिरवी केळी सोलून केळीच्याच पानात वाफवायची, घोटायची आणि दाण्याच्या रश्शाबरोबर खायची. चार माणसांना बारा केळी, दोन मोठी पानं, दीड वाटी कच्चे शेंगदाणे, दोन कांदे, दोन टोमॅटो. बास.

आता केळी निवडणं. सगळे घोटाळे इथे होतात, आणि पाककृती सांगणारे 'कच्ची केळी घ्या' एवढं बोलून पुढे जातात. हिरवी दिसली म्हणजे कच्ची, असं नसतं. बाजारातल्या बऱ्याच केळी पिकवणीच्या खोलीतून इथिलीन घेऊन आलेल्या असतात. पहिला दिवस-दोन दिवस त्या बाहेरून हिरव्यागार दिसतात, पण आत पिठाची साखर व्हायला सुरुवात झालेली असते. अशी केळी वाफवली की गोडसर, चिकट लगदा होतो. त्यात मीठ घाला, लिंबू पिळा, काही उपयोग नाही. तो शिरा म्हणूनच खावा लागतो. माझी केळी कितीतरी वेळा अशी वाया गेली, तोवर कारणच कळत नव्हतं, कारण वाफेची वेळ तर बरोबर होती.

म्हणून केळी शेतातून किंवा थेट घडावरून काढलेली घ्या. ते जमत नसेल तर वेफर्सवाले जिथून घेतात तिथून घ्या, त्यांनाही पिकायला लागलेलं केळ चालत नाही. पारख सोपी आहे: सालीला नखाने चीर द्या. लगेच चिकाचा थेंब फुटून बोटाला चिकटला पाहिजे. मग एक चकती कापून चाखा. जीभ आखडेल इतकी तुरट आणि कोरडी लागली तर केळी तुमच्या कामाची. गोडाचा जरासा जरी भास झाला तर ती फणी टांगून ठेवा, चार दिवसांनी पोरं खातील. केळ भरलेलं हवं, धारा बुजत आलेल्या हव्यात. फार कोवळं घेतलं तर शिजूनही रबरासारखं राहतं.

रंगाचा हट्ट धरू नका. तिकडची मटोकेची केळी वेगळ्या जातीची, शिजली की पिवळी होतात. आपली ग्रँड नैन फिकट, थोडी करडी राहते. हळद घालून ती पिवळी करा असं सांगणारे भेटतील; ऐकू नका, केळीच्या भाजीची चव येते.

सोलताना हाताला आणि सुरीला तेल लावा, जुने कपडे घाला. चिकाचे डाग धुतल्याने जात नाहीत. दोन्ही टोकं कापून साल उभी चिरा आणि अंगठ्याने उचकटून काढा. सोललेलं केळ लगेच ताक घातलेल्या पाण्यात टाका, नाहीतर काळं पडतं. सालासकट उकडायचा शॉर्टकट इथे नको, सालीची तुरट चव आत उतरते.

पानं गॅसवर फिरवून मऊ करा. जाड पातेल्याच्या तळाला पानाच्या दांड्याचे तुकडे आडवे टाका, त्यांच्या खालीच राहील इतकं पाणी घाला, वर पानात गुंडाळून बांधलेलं केळीचं पुडकं ठेवून घट्ट झाका. मंद आचेवर तासभर. मध्ये पाणी पाहत राहा.

घोटणं मात्र गरम असतानाच, पुडकं न सोडता. जाड टॉवेल घेऊन पानावरूनच दोन्ही हातांनी दाबत जा. आत गुठळ्या फुटताना हाताला कळतात. मिक्सर अजिबात नको, खळ होते. घोटून झालं की पुडकं तसंच परत पंधरा-वीस मिनिटं वाफेवर ठेवा.

तोवर रस्सा. दाणे न भाजता दळायचे; आपल्या भाजलेल्या कुटाने चव वेगळीच होते. कूट आधी गार पाण्यात कालवा, गरम पाण्यात गुठळ्या धरतात. कांदा-टोमॅटो तेलात मऊ करून त्यात ओता, मीठ घाला आणि मंद आचेवर अर्धा तास हलवत राहा. सुरुवातीला फेस येऊन ऊतू जातं, तेव्हा मोठं भांडं घ्या. कच्चा वास गेला आणि कडेला तेल सुटलं की झालं.

काळा मसाला डब्यातच राहू द्या. तो घातला की लेबनॉन असो की युगांडा, सगळं शेवभाजीच्या वाटेने जातं. तिखटाशिवाय ज्यांचं भागत नाही त्यांच्यासाठी ताटात हिरव्या मिरचीचा ठेचा वाढा. आणि एका रात्री परदेशी पदार्थ एकच. आमच्या सासऱ्यांना भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, त्यांनी दाण्याचा रस्सा बाजरीच्या भाकरीशी चुरून खाल्ला आणि केळीकडे पाहिलंही नाही. तेही चालतं.

मटोके पानातूनच गरम वाढा, गार झालं की घट्ट होतं. उरलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या वड्या सुरीने सरळ कापता येतात. मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीत तव्यावर खरपूस परता, सकाळच्या डब्याला होतात.